तिची पत्रे कुठे गेली?

४ डिसेंबर आला की नौदलाची आठवण निघते. १९७१ साली त्या रात्री कराची बंदरावर झालेला क्षेपणास्त्रांचा मारा आठवतो, भाषणे होतात, बंदरात उभ्या नौकांवर दिवे लागतात. २०२३ चा नौदल दिन तर मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मराठी माणसाला याचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. मात्र या अभिमानाच्या पोटात एक मोठी पोकळी आहे. जहाजांची नावे, कप्तानांची नावे, बुडालेल्या आणि बुडवलेल्या नौका आपल्याला सांगता येतात. आरमारात गेलेल्या माणसाने घरी काय लिहिले आणि घरून त्याला काय लिहिले गेले, हे विचारले की सगळे गप्प.

हा प्रश्न लोणखेड्यातून विचारला तर कुणी हसेल. शहाद्याला लागून, गोमाईच्या काठी वसलेल्या, सातपुड्याकडे तोंड करून बसलेल्या गावाचा समुद्राशी काय संबंध? गोमाई प्रकाशापाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला, एवढाच भूगोलाचा आधार. पण नौदलात जायला किनाऱ्याचा रहिवासी असावे लागत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडची मुले सैन्यात जातात तशी नौदलातही जातात. उलट ज्या घराने कधी समुद्र पाहिलेला नाही, त्या घराला जहाजावरचा मुलगा फक्त पत्रातूनच दिसत असे. किनाऱ्यावरच्या घराला निदान बंदर ठाऊक असते. इथे सारा समुद्र टपालानेच यायचा.

त्यातही एक खास प्रकारची पत्रे असत. आपल्याकडे लग्नाआधीच्या प्रेमपत्रांना फारशी मोकळीक नव्हती. सोयरीक जमली, साखरपुडा झाला आणि लग्नाची तिथी पुढच्या मोसमात निघाली की मधल्या काही महिन्यांत पत्रांना मूक परवानगी मिळे. मुलगा जहाजावर असला तर ही परवानगी जरा सैलच असे, कारण दुसरा मार्गच नसे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) मुलाला प्रशिक्षण संपेपर्यंत अविवाहित राहावे लागते. म्हणून खांद्यावर पट्टी चढली, पहिले जहाज मिळाले की लगेच घरच्यांची बघाबघी सुरू व्हायची. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांशी चार वाक्येही बोललेली नसत. खरी ओळख पत्रांतच. लग्नाची तारीख पंचांगातून निघाली तरी ती टिकायची नौकेच्या वेळापत्रकावर. रजा मंजूर झाली की नाही, नौका तोवर बंदरात असेल की नाही, हे कळेपर्यंत मंडपवाल्याला होकार देता येत नसे.

या पत्रांची घडणही वेगळी. पत्ता जहाजाच्या नावाचा आणि त्याखाली ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस’, मुंबई किंवा विशाखापट्टणम. जहाज प्रत्यक्षात कुठे आहे ते पत्त्यावरून कळायचे नाही आणि मजकुरातही लिहायचे नाही. नौका कुठे निघाली, कधी परतणार, सोबत कोण आहे, या गोष्टी लिहिणे शिस्तीत बसत नाही. मग उरते काय? जेवण, झोप, मित्रांच्या खोड्या, वाचलेले पुस्तक, पावसाची चौकशी, आणि तिला काय आवडते याची विचारपूस. बंदराला लागेपर्यंत टपाल साठायचे आणि मग चार-चार पत्रे एकदम हातात पडायची. त्यामुळे हिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर तिकडून निघालेले असताना हिचा नवा प्रश्न वाटेत असे. हुशार जोडपी पत्रांना क्रमांक घालत. इकडे आलेले पत्र आधी वडीलधाऱ्यांच्या हातात पडणार हे दोघांनाही ठाऊक. म्हणून आंतर्देशीय पत्राच्या मधल्या भागात घरच्यांना नमस्कार, आणि जे सांगायचे ते घडीच्या अरुंद पट्टीवर, बारीक अक्षरात. एका पिढीच्या तरुण मनाचा एवढा नेमका दस्तऐवज दुसरा कुठला मिळणार?

मिळत नाही तो याचसाठी, की यातला निम्मा व्यवहार जवळजवळ नेहमी नाहीसा होतो. त्याची पत्रे घरी येतात आणि घरातच राहतात: ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, सोन्याच्या पावत्यांबरोबर. तिची पत्रे जहाजावर जातात. तिथे माणसाला मिळते एक अरुंद बंक आणि एक कपाट. बदली झाली की सामान आवरा, नौका बदलली की पुन्हा आवरा. प्रत्येक आवराआवरीत कागदच आधी जातात. कुणी मित्रांच्या चेष्टेला भिऊन फाडतो, कुणाच्या पत्रांना खारे पाणी लागते. आणि कधी अख्खी नौकाच जाते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या माणसांनी घरी धाडलेली पत्रे देशभरच्या घरांत उरली असतील. त्यांना घरून आलेली आणि जहाजावर जपलेली पत्रे त्यांच्याबरोबर तळाशी गेली.

या नियमाचा जगातला सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे ब्रिटिश नौसेनानी होरेशिओ नेल्सन. आज लंडनच्या चौकात उंच खांबावर उभा असलेला हा माणूस १७८५ साली सत्तावीस वर्षांचा होता, ‘बोरिअस’ नावाच्या नौकेवर वेस्ट इंडीजमध्ये होता, आणि नेव्हिस बेटावरच्या फॅनी निस्बेट नावाच्या तरुण विधवेच्या प्रेमात होता. तिला लहान मुलगा होता, जोसाया. नेल्सन अँटिग्वाच्या बंदरातून तिला पत्रे लिहीत होता. त्याच सुमारास त्याने मामांना लिहिलेले पत्रही मोठे बोलके आहे: मला लग्न करायचे आहे, पगारात भागणार नाही, तेव्हा काही वर्षे दरसाल शंभर पौंड द्या, नाहीतर एकदम हजार द्या. ट्रफाल्गारच्या लढाईचा हा वीर तिच्या वीस वर्षे आधी मामांच्या दारात उभा होता, आपल्याकडचा एखादा नवरदेव लग्नखर्चासाठी उभा असतो तसा. ११ मार्च १७८७ रोजी नेव्हिसवर लग्न लागले. कन्यादानाला इंग्लंडचा राजपुत्र विल्यम उभा होता, जो पुढे राजा झाला.

या लग्नाचे पुढे काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. नेल्सनच्या आयुष्यात एमा हॅमिल्टन आली, नवराबायको वेगळी झाली. पण आमचा मुद्दा त्या आधीचा आहे. जुलै १७९७ मध्ये टेनेरिफवर रात्रीचा हल्ला करायला निघण्यापूर्वी नेल्सनने सावत्र मुलाला, जोसायाला, केबिनमध्ये बोलावले आणि दोघांनी मिळून फॅनीची पत्रे जाळली. मरण आले तर बायकोची पत्रे परक्याच्या हाती लागू नयेत, हा त्यातला विचार सभ्य होता. त्या रात्री नेल्सनचा उजवा हात गेला. जोसायाने दंड घट्ट आवळून बांधला म्हणून जीव वाचला. पत्रे मात्र वाचली नाहीत. १९५८ साली इंग्लंडच्या नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटीने नेल्सनची पत्नीला लिहिलेली पत्रे जाडजूड ग्रंथात छापली. त्यात नेल्सन भरभरून बोलतो. फॅनी मात्र जवळपास गप्प आहे. तिची थोडी पत्रे उरली, तेवढीच. गेली दोनशे वर्षे चरित्रकार तिच्यावर थंडपणाचा शिक्का मारतात किंवा पुसतात, आणि ज्या कागदांवरून निकाल द्यायचा ते राख होऊन बसले आहेत. जी बाजू बोलत नाही तिच्याविरुद्ध निकाल लागतो, हा कोर्टाचा अनुभव इतिहासालाही लागू आहे.

हे पुरुषांचे कारस्थान आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. आनंदीबाई जोशींचे उदाहरण पाहा. एप्रिल १८८३ मध्ये त्या कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. मागे राहिलेले गोपाळराव नोकरीला होते टपालखात्यातच. आनंदीबाईंची पत्रे घरी आली म्हणून उरली, आणि उरली म्हणून काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र त्यांच्याच शब्दांच्या आधाराने लिहिता आले. म्हणजे लांब जातो त्याची पत्रे उरतात, घरी राहतो त्याची हरवतात. प्रश्न एवढाच, की शतकानुशतके घरी राहिले कोण? हिशेब तिथे बाईच्या विरुद्ध जातो.

आता जहाजावर बायकाही आहेत. नौदलाने १९९२ पासून स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतले आणि २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांची ‘त्रिंकट’ या युद्धनौकेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. नौदलाच्या नौकेची कमान सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. यापुढे घरी बसून वाट पाहणारा कधी नवराही असेल, आणि हरवणारी पत्रे कधी त्याचीही असतील. पण पत्रेच उरली नाहीत तर हा न्याय तरी कुणाला दिसणार?

कारण आता लिहिले जाते ते फोनवर. त्यातही नौदलाची अडचण वेगळी. समाजमाध्यमांवर बायकांच्या नावाने गोड बोलून नौसैनिकांकडून माहिती काढल्याचे प्रकरण उघडकीस आले, अटका झाल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने युद्धनौका, तळ आणि गोद्यांत स्मार्टफोनवर बंदी घातली. त्यातून दिसते ते हेच की एकट्या तरुणाची बोलण्याची भूक नेल्सनच्या काळात होती तेवढीच आजही आहे, आणि ती शत्रूलाही ठाऊक आहे. शिवाय अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्याला चार वर्षे लग्न करता येत नाही. म्हणजे साखरपुडा आणि लग्न यांच्यामधले ते जुने काही महिने आता नियमानेच लांबलेले. एवढ्या काळात लाखो शब्द इकडून तिकडे जातील. फोन बदलला, खाते बंद झाले, की त्यातला एकही शब्द उरणार नाही. ट्रंकेला निदान वाळवी लागायला वेळ लागतो.

म्हणून जे कागदावर आहे ते आधी वाचवले पाहिजे, आणि ते वाचवण्याचा धडा शिकायला खानदेशाला लांब जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. शहादा तालुका तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याच्याच जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. राजवाड्यांनी आयुष्यभर केले काय? माळ्यांवरून, वाड्यांच्या कोनाड्यांतून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाऊ पाहणाऱ्या रुमालांतून पत्रे गोळा केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला तो पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांच्या पत्रांचा. पुढे खंड बावीसवर गेले. त्यातली सगळी पत्रे पेशव्यांची नव्हती. कारकून, वकील, सावकार, छावणीतले लोक, सगळ्यांची होती. आज पानिपतावर कादंबरी लिहिणारा, व्याख्यान देणारा, नाटक करणारा प्रत्येक जण या कागदांचे देणे लागतो.

‘आमच्या पोराची पत्रे कोण वाचणार? तो काय नेल्सन आहे?’ असे विचारणाऱ्याला उत्तर हेच: १७८५ साली नेल्सनही नेल्सन नव्हता. मामांकडे पैसे मागणारा एक कर्जभीरू तरुण अधिकारी होता. त्याची पत्रे राहिली ती फॅनीने राखली म्हणून, त्याच्या भावी कीर्तीचा अंदाज आला म्हणून नव्हे. आणि समजा पुढे कीर्ती आलीच नाही, तरी १९६५ साली शहाद्याच्या मुलीला विशाखापट्टणमहून आलेले पत्र हे त्या काळच्या शहाद्याबद्दल आणि त्या काळच्या नौदलाबद्दल जे सांगेल, ते कुठल्याही सरकारी अहवालात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ही खाजगी पत्रे आहेत, चारचौघांत कशाला? आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे. कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. छापायचे तर त्यांची संमती हवी. पण जपणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालयांत ठरावीक वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर कागद घेतले जातात. तीस, चाळीस वर्षे कुणी उघडू नये, असे लेखी घेऊन द्यावे. नेल्सनला ही सोय नव्हती, म्हणून त्याला जाळण्यावाचून उपाय दिसला नाही. आपल्याला ती आहे. आणि दोन्ही बाजू सन्मानाने छापता येतात, हे मराठीत आधीच सिद्ध झाले आहे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर कुसुमावती जाऊन अकरा वर्षे झाली होती. दोघेही बोलतात, दोघांचाही आवाज ऐकू येतो, आणि वाचणाऱ्याला कुठेही चोरून वाचल्याची टोचणी लागत नाही. तो संसार साहित्यिकांचा होता, जमिनीवरचा होता. आरमारी संसाराचे असे पुस्तक मराठीत हवे आहे.

कुणी करायचे? नौदलाच्या बाजूने घर तयार आहे. ‘कमोर्टा’ या नौकेचे १९७१ चे कप्तान, वीरचक्राचे मानकरी आणि पुढे फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी सुरू केली, सागरी इतिहास हेच तिचे काम. आमच्या बाजूने धुळ्याचे राजवाडे मंडळ आहे. शिवाय शहादा-लोणखेडा परिसरातली महाविद्यालये ज्या संस्थेने उभारली, तिला नाव आहे पूज्य साने गुरुजींचे. गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून महाराष्ट्राने घरोघर वाचली. पत्रातून माणूस घडवणाऱ्याचे नाव लावणाऱ्या महाविद्यालयात, मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून इंटरनेटवरचा मजकूर उतरवायला लावण्याऐवजी तालुक्यातल्या माजी नौसैनिकांच्या आणि सैनिकांच्या घरी पाठवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने त्या घरांपर्यंत पोचणे अवघड नाही.

काम साधे आहे, पण नीट व्हायला हवे. पाकिटे फेकू नयेत. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख बहुधा पत्रातल्या तारखेपेक्षा भरवशाची. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको, टाचण्या काढाव्यात, क्रमांक घालायचा तो पेन्सिलीने. पत्रांत येणारी ‘आक्का’, ‘भाऊ’, ‘नाना’ ही माणसे कोण, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून आजच लिहून ठेवावे. आणि तिला आणखी एक विचारावे: तुम्ही काय लिहीत होता? तिची पत्रे गेली असली तरी त्याच्या उत्तरांवरून तिचे प्रश्न शोधता येतात, आणि ते प्रश्न ती अजून सांगू शकते. हे टेप करायला एक दुपार पुरते. ती बाई ऐंशीच्या पुढे आहे. दुपार कुठली निवडायची ते महाविद्यालयाने या सत्रातच ठरवावे, पुढच्या नौदल दिनाच्या भाषणाची वाट पाहू नये.